आबाजी मास्तरांचं भाजलेलं बी

आबाजी वाळुंज मास्तरांना दोन गोष्टी उत्तम येत होत्या. एक, रोपाचं चित्र काढणं आणि दुसरी, काळजी करणं. पहिलीचा त्यांच्याकडे सरकारी दाखला होता. दुसरी त्यांनी कुणाच्याही मदतीशिवाय साध्य केली होती.

आगपेटीतली काडी विझली की ती पाण्यात बुडवून, मग मोडून, मग चुलीत टाकणारा हा माणूस. शाळा सुटली की दाराला कडी लावायची, दहा पावलं जायचं, परत यायचं आणि कडी हलवून बघायची. शाळेत चोरण्यासारखं एक घड्याळ होतं आणि तेही बंद होतं. मुलांना ओढ्यावर नेलं तर जाताना मोजायचे, येताना मोजायचे आणि आकडा जुळला तर तो जुळलाच कसा म्हणून पुन्हा मोजायचे. त्यांच्या पत्नी शालनबाई शेजारणींना सांगत, "ह्यांना देव जरी भेटला ना, तरी हे आधी विचारतील, घरी सगळं ठीक आहे ना?"

वडील बैलगाड्या रंगवायचे. साट्यांवर, म्हणजे गाडीच्या फळ्यांवर, मोर, कळस आणि वेली. वेली कुठल्या, तर कुठल्याच नाहीत. रंगाऱ्याचा हात वळेल तिकडे वळणाऱ्या. पान एकीचं, फूल दुसरीचं. लहानग्या आबाजींना हे फार लागायचं. खोटी वेल घेऊन गाडी रस्त्याने हिंडते आहे आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही, ही त्यांची पहिली काळजी. पुढे ते चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झाले, मास्तर झाले आणि १९५१ साली भोसरी आणि दिघीच्या मधल्या बोरमाळ नावाच्या वाडीत रुजू झाले. चार वाड्यांची मिळून सातवीपर्यंतची शाळा. हेडमास्तर हिंदुराव. त्यांचा स्वभाव असा की आलेला कागद आठ दिवस टेबलावर मुरू दिला, तर निम्मी कामं आपोआप मिटतात यावर त्यांचा विश्वास होता, आणि त्यांची निम्मी कामं खरंच मिटत.

शाळेच्या खिडकीतून समोरचं बाजरीचं रान दिसायचं. श्रावणात तिथे बायकांची भांगलण चाले, म्हणजे ओळीने बसून खुरप्याने तण काढणं. प्रत्येकीने आपली पात धरायची आणि पुढे सरकायचं. सर्वांत पुढे गवराबाई. वय साठीच्या आसपास, तेही तिच्या अंदाजाने. ती एकदा बांधावर भाकरी खात बसली असताना मास्तरांनी तिला आपण काढलेलं कुर्डूचं चित्र दाखवलं. चित्र सुरेख होतं. तुरा गुलाबी, पानं जिथल्या तिथे. गवराबाईने कागद हातात न धरता वाकून पाहिला.

"ह्येचं मूळ कुठंय?"

मास्तर म्हणाले, मूळ जमिनीत असतं, ते दिसत नाही.

"तुमाला न्हाई दिसत. आमाला तेवढंच दिसतं," गवराबाई म्हणाली. "मूळ न्हाई तर उपटायचं काय?"

मास्तर घरी जाऊन जेवले नाहीत. इतकी वर्षं आपण झाडं अर्धीच काढत आलो, हा हिशेब त्यांच्या मनात घर करून बसला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवी वही शिवली. एका पानावर एक तण, चार अवस्थांत: कोंब, पाला, फूल आणि बी, आणि सगळं मुळासकट. उजव्या कोपऱ्यात ते तण उपटणारा हात. कारण प्रत्येक तणाला हात वेगळा लागतो, हे त्यांना बांधावर बसून कळलं. हराळीला खुरपं तिरकं घालावं लागतं. लव्हाळ्याची गाठ शोधत बोट खोल जातं. गोखरू काट्याच्या खालून दोन बोटांत धरायचा. बायकांनी चेहरे काढू दिले नाहीत. हातांना मात्र कुणी हरकत घेतली नाही. हात दिवसभर दुसऱ्याच्याच रानात असायचे, ते आपले आहेत असं त्यांना फारसं वाटत नसावं.

चित्राखाली नाव लिहायचं ते बायकांनी सांगितलेलं, आणि तेही त्या उच्चारतील तसं. पाच वर्षांत सेहेचाळीस पानं झाली. सेहेचाळीस वेळा गवराबाईने नाव सांगितलं, त्याची भाजी होते का, ढोर खातं का, कुठल्या दुखण्यावर बांधतात, हेही सांगितलं. एकदाही अडली नाही. पिंपरीला औषधाचा कारखाना सुरू झाला होता. तिचा मुलगा सायकलवरून तिकडे शिफ्टला जायचा आणि घरी आल्यावर आईला सांगायचा की आता औषध बाटलीत होतं, पाल्यात नाही. ती म्हणायची, "व्हय, पर तुजी शेळी बाटलीतलं खाती का?"

पंचावन्न साली शाळांना मूलोद्योग लागू झाला. मुलांनी हाताने काहीतरी उपयोगाचं शिकावं, असा आदेश. बहुतेक शाळांनी टकळी आणि सूत घेतलं. बोरमाळच्या शाळेने, म्हणजे आबाजी मास्तरांनी, बागकाम मागून घेतलं आणि आठवड्यातून एकदा गवराबाईला वर्गात उभं केलं. ती मुलांना खुरपं धरायला शिकवी आणि मास्तर ते चित्रात उतरवायला शिकवत. गावाला हे मुळीच पटलं नाही. चावडीवर एकजण म्हणाला, "माजी आय भांगलती, मी भांगलतो. आता पोरगं दप्तर घिऊन भांगलंल. परगती हाय." मास्तरांना या बोलण्यातलं सत्य लगेच दिसलं, आणि ती काळजीही त्यांनी आपल्या काळज्यांच्या रांगेत बसवली.

खात्याने बागकामाला एक वर्षाची मुदत दिली. तालुक्याचे शिक्षणाधिकारी, ज्यांना गाव दिपोटी म्हणायचं, ते येऊन बाग पाहणार. पसंत पडली तर बागकाम कायम आणि वाळुंज मास्तरही कायम. नाही पडली तर टकळी येईल, टकळी शिकलेला मास्तर येईल, आणि वाळुंजांची बदली. बदलीचं गाव कुठलं, हे कागदात नव्हतं. मास्तरांना गावाची धास्ती नव्हती. धास्ती ही होती की वही पुढे सरकणार नाही. तण सगळीकडे सापडेल, पण गवराबाई एकच होती, आणि तिच्यानंतर ही नावं सांगणारं कुणी तिच्या घरातसुद्धा नव्हतं.

छप्पन्नच्या आषाढात आळंदीच्या रस्त्याच्या कडेला, जिथे मालट्रक पाणी प्यायला थांबत, तिथे मास्तरांना एक रोप दिसलं. जमिनीलगत पसरलेलं, पानं शेवंतीसारखी कातरलेली, अंगावर बारीक लव. त्यांनी ते कधीच पाहिलं नव्हतं. भांगलणीहून परतणाऱ्या बायकांना त्यांनी थांबवलं. गवराबाईने एक पान चुरगळलं, हुंगलं आणि हात पदराला पुसला, पुन्हा पुसला.

"न्हाई ठावं," ती म्हणाली.

बाकीच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांनी हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. एकीने सुचवलं, गाजर असंल. दुसरी म्हणाली, दवणा. गवराबाईने दोघींना गप्प केलं आणि मास्तरांना सांगितलं की हे इथल्या इथं उपटा.

मास्तर म्हणाले, चित्र काढून होऊ दे. शाळेच्या वाफ्यात लावतो, चारही अवस्था काढतो, मग उपटतो. त्यांनी धोतराच्या सोग्यात तीन रोपं मातीसकट उचलली आणि शाळेत नेऊन लावली. गवराबाई मागोमाग आली आणि कुंपणाशी उभी राहून पाहत राहिली.

"वळख न्हाई पाळख न्हाई, आन तुमी त्येला आळं करताय."

चित्राखाली काय लिहू, असं मास्तरांनी विचारलं. तात्पुरतं काही नाव ठेवा, पुढे खरं कळलं की बदलू.

"तात्पुरतं नाव नसतंय, मास्तर. नाव ठिवलं की ते घरातलं झालं. मग त्येला भायेर कसं काढायचं?" आणि जाता जाता म्हणाली, "फुलायच्या आत काढा. भांगलणीला दुसरा नेम न्हाई."

भांगलणीचा नेम असा होता आणि वहीचा नेम चार अवस्थांचा. दोन्ही नेम मास्तरांना मान्य होते, हीच त्यांची अडचण. शेवटी त्यांनी मनाशी तोड काढली: पहिलं फूल दिसलं की चित्र, चित्र झालं की उपटायचं. बी कसलं असेल ते अंदाजाने काढू. आयुष्यात पहिल्यांदाच ते अंदाजाने काही काढायला तयार झाले होते.

ते झालं असतं. पण गौरी-गणपतीच्या सुमारास वस्तीवरच्या शेळ्या कुंपण मोडून शाळेच्या बागेत शिरल्या. मेथी गेली, वांगी गेली, झेंडू गेला, भेंडीचे दांडे उरले. अनोळखी रोपांना मात्र शेळ्यांनी तोंड लावलं नाही. ती तिन्ही ताठ उभी, गुडघ्याएवढी, हिरवीगार. त्याच आठवड्यात दिपोटी दहा तारखेला येत असल्याचा कागद आला. हिंदुरावांनी बागेला एक चक्कर मारली.

"वाळुंज, बागेत हिरवं म्हणावं असं एवढंच आहे," ते म्हणाले. "याला हात लावाल तर साहेबांना काय दाखवू, कुंपण?"

मास्तरांनी फुलाची गोष्ट सांगितली. रोपावर खसखशीएवढ्या पांढऱ्या कळ्या आल्या होत्या. हिंदुराव म्हणाले की कळ्या आल्या तर उत्तमच, दहा तारखेनंतर काय ते करा.

दहा तारखेला ओढ्याला पूर आल्याने दिपोटी आले नाहीत. नवी तारीख नवरात्रातली निघाली. नवरात्रात साहेबांच्या घरी कुणी आजारी पडलं. मग दिवाळीची सुटी. मग तारीख न देता "लवकरच" असा कागद आला, आणि हिंदुरावांनी तो मुरायला ठेवला. इकडे रोपं कमरेएवढी झाली. त्यांना नख लावलं तर नोकरीचं गाव जात होतं, न लावलं तर बी पडत होतं. मास्तर रोज सकाळी सर्वांआधी शाळेत येऊन वाफ्यासमोर उकिडवे बसत आणि फुलं मोजत. पहिल्या दिवशी एकतीस भरली. मग मोजणं हाताबाहेर गेलं, तरी ते मोजत राहिले.

बी गळू नये म्हणून त्यांनी शालनबाईंचं जुनं लुगडं फाडलं, त्याच्या लहान लहान पिशव्या शिवल्या आणि प्रत्येक शेंड्याला एक एक बांधली. लांबून पाहणाऱ्याला वाफ्यात बारकी बाळं उभी आहेत असं वाटे. शालनबाई डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांना आपल्या लुगड्याचे काठ ओळखता आले.

"बारशाच्या आधीच टोपडं?" त्या म्हणाल्या. डबा ठेवला आणि निघून गेल्या.

पिशव्या बांधताना मास्तरांच्या मनगटांना खाज सुटू लागली. आधी लाल ठिपके, मग चट्टे. गवराबाईने पाहिलं, कसला तरी पाला ठेचून लावला, पण गुण आला नाही. तिने दुसरा पाला आणला. त्यानेही आला नाही. त्यानंतर रस्त्याने जाताना शाळेच्या बाजूचा पदर ती तोंडावर ओढून घेऊ लागली. सत्तेचाळिसाव्या पानावर मास्तरांनी तिन्ही अवस्था काढून ठेवल्या होत्या, चौथीही झाली. पण खाली नाव नव्हतं आणि कोपऱ्यात हातही नव्हता. एकही बाई त्या रोपाला हात लावायला तयार नव्हती.

मार्गशीर्षात एका सकाळी दिपोटींची जीप खरोखरच आली. ती आधी भोसरीला दिसली, त्यामुळे हिंदुरावांना अर्धा तास मिळाला. त्या अर्ध्या तासात त्यांनी पहिलं काम केलं ते टोपडी सोडायला लावण्याचं. साहेबांना वाटेल, झाडांना काही रोग आहे. मास्तर म्हणाले, आज वारा आहे. हिंदुराव म्हणाले, वाऱ्याचा शेरा शेरेबुकात येत नाही, झाडाचा येतो. मास्तरांनी एक एक पिशवी सोडून बंडीच्या खिशात भरली. शेवटची सोडताना त्यांची बोटं गाठीत अडकली.

साहेब सज्जन होते. सबंध तालुक्यात त्यांनी त्या महिन्यात सुकलेली वांगी, मेलेली मेथी आणि मुलांनी गुंतवलेलं सूत पाहिलं होतं. इथे छातीपर्यंत उंच, पांढऱ्या फुलांनी गच्च भरलेला वाफा पाहून ते थांबलेच. पाणी किती घालता, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, घालत नाही. ढोरं खात नाहीत? नाही खात. कीड? लागत नाही. प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तराला साहेबांचा चेहरा उजळत होता. मग त्यांनी वही मागितली, सेहेचाळीस पानं शांतपणे पाहिली, हातांची चित्रं पाहून मान डोलावली आणि सत्तेचाळिसाव्यावर बोट ठेवलं.

"आणि याचं नाव?"

गवराबाई मुलांपुढे खुरपं घेऊन उभी होती. हिंदुराव मास्तरांकडे पाहत होते. मास्तरांच्या डोळ्यांपुढे टकळी आली, बदलीचा कागद आला आणि कुठल्याशा गावात कोरीच राहिलेली वही आली.

"रानशेवंती," आबाजी मास्तर म्हणाले.

साहेबांनी ते लिहून घेतलं. शेरेबुकात शेरा पडला: बागकाम समाधानकारक, कायम करावे. रानशेवंती विशेष उल्लेखनीय. विनापाणी येणारे हे शोभेचे रोप तालुक्यातील अन्य तेरा शाळांना लाभदायक ठरेल, तरी वाळुंज यांनी बी पुरवावे.

जीप गेल्यावर गवराबाई वाफ्याजवळ आली. "ठिवलंत नाव," एवढंच म्हणाली, आणि खुरपं कमरेला खोचून घरी गेली.

म्हणजे मास्तरांची नोकरी वाचली. हिंदुरावांनी पेढे मागवले. मास्तरांनी पेढा हातात धरला आणि तो मऊ होईपर्यंत तसाच धरून ठेवला. त्यांनी गवराबाईच्या दाराशी जाऊन विचारलं की फुललेलं तण सापडलं तर तुम्ही काय करता. ती दळत होती. जातं न थांबवता म्हणाली की ओटीत घालून बांधावर न्यायचं आणि जाळायचं. राखेला कोंब फुटत नाही. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी तिन्ही रोपं मुळासकट उपटून शाळेमागे जाळली. पण खात्याला बी हवं होतं, आणि राख पाकिटात घालून पाठवता येत नव्हती.

टोपड्यांत साठलेलं बी भरपूर होतं. काळं, बारीक, फुंकरीने उडणारं. मास्तर ते घेऊन स्वयंपाकघरात आले आणि शालनबाईंना म्हणाले, हे भाजायचं.

"तिळासारखं की खसखशीसारखं?"

"उगवणार नाही असं."

शालनबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तवा चढवला. त्या घरातली काळजी अनेक वर्षं त्या आपल्या हातांनी ढवळत आल्या होत्या. धुराने दोघांना ठसका लागला. बी काळंच होतं, भाजल्यावरही काळंच राहिलं. बाहेरून कुणाला काही कळण्याजोगं नव्हतं. तो तवा त्यांनी राखेने तीनदा घासला, आणि तरी भाकरीसाठी शेजारून दुसरा आणला.

मास्तरांनी तेरा पाकिटं केली. प्रत्येकावर रोपाचं चित्र काढलं, सवयीप्रमाणे मुळासकट, आणि या वेळी मुळाशी एक उपटणारा हातही. उघडपणे लिहिण्याची त्यांची छाती नव्हती, तेवढं त्यांनी चित्रात सांगितलं. तेरा शाळांपैकी एकानेही त्याबद्दल विचारलं नाही. सगळ्यांना तो लावणारा हात वाटला.

पुढच्या पावसाळ्यात अहवाल आले. अकरा शाळांनी कळवलं की रानशेवंती उगवली नाही. दोन शाळांनी कळवलं की उत्तम उगवली असून शाळेची शोभा वाढली आहे.

अकरा शाळांचं मास्तरांना काही वाटलं नाही. त्या दोन शाळांचं पत्र त्यांनी इतक्यांदा उलगडलं की ते घडीवर फाटलं. पाकीट कुठलं तव्यातून सुटलं? तव्याच्या कडेचं बी कच्चं राहिलं का? त्यांनी शालनबाईंना आडून विचारलं, मग सरळ विचारलं.

"माझ्या हातचं कच्चं राहिलेलं आजवर एक दाखवा," त्या म्हणाल्या.

पण त्याच आठवड्यात बोरमाळच्या रस्त्याला, ट्रक थांबायच्या जागी, कातरलेल्या पानांचा हिरवा पट्टा उठला होता. ओढ्याच्या काठाने उठला होता. शाळेच्या कुंपणाबाहेर, जीप आली त्या सकाळी वारा ज्या दिशेने वाहत होता त्या दिशेलाही उठला होता. आता यातलं कुठलं वाऱ्याचं, कुठलं तव्याचं आणि कुठलं ट्रकचं, हे मास्तरांना कुणी सांगू शकत नव्हतं, आणि ते प्रत्येक रोप आपल्याच खात्यावर धरत होते.

खात्याच्या पत्राचा सूर निराळा होता. अकरा शाळांना निकृष्ट आणि दोन शाळांना उत्कृष्ट बी देण्यामागे वाळुंज यांचा हेतू काय? सदर दोन शाळांतील शिक्षकांशी त्यांचे काही नाते आहे काय? खुलासा करावा.

हिंदुरावांनी पत्र मुरायला ठेवायचा सल्ला दिला. फारच लागलं तर लिहा, मुंग्यांनी खाल्लं. मुंग्यांना कुणी खुलासा विचारत नाही. मास्तर आठ दिवस कडी हलवून बघितल्यासारखं ते वाक्य मनात हलवून बघत राहिले. मुंग्या लिहिल्या तर बागकाम राहणार, वही राहणार, गवराबाई राहणार. पण मुंग्या लिहिल्या की खातं पुन्हा बी मागणार. नवव्या दिवशी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं की तेराही पाकिटांतलं बी सारखंच भाजून पाठवलं होतं, कारण हे शोभेचं रोप नसून अनोळखी तण आहे. त्याचं रानशेवंती हे नाव खोटं असून ते मी ठेवलं. त्याने अंगाला खाज सुटते. ते दिसेल तिथे फुलायच्या आत उपटावं.

आयुष्यात त्यांनी काळजी न करता लिहिलेला हा एकच कागद असावा. उत्तर पंधरा दिवसांत आलं. भाजलेलं बी उगवत नाही हे सर्वश्रुत असताना दोन शाळांत ते उगवले आहे, सबब वाळुंज यांचा खुलासा असत्य आहे. बोरमाळ येथे सूतकताई सुरू करण्यात येत असून वाळुंज यांची तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेवर बदली करण्यात येत आहे.

या तणाचं पुढे काय झालं, हे आज सांगायला नको. ते सगळ्यांच्या दारात आहे, आणि गाजरगवत म्हटलं की शेंबडं पोरही नाक मुरडतं. विद्वानांनी पुढे निरनिराळी कारणं दिली; परदेशातून आलेल्या धान्यातून बी आलं असावं, हे त्यांतलं मुख्य. आबाजी मास्तरांना म्हातारपणी कुणीतरी ते कात्रण वाचून दाखवलं. एवढ्या मोठ्या गवतात आपल्या तीन रोपांचा वाटा तो किती, असं समजावलंही. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं की त्या दोन शाळांबद्दल त्यात काही आहे का.

बदलीच्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, बैलगाडी लागली. शालनबाई पुढे बसल्या, मास्तर वही धोतरात गुंडाळून मांडीवर घेऊन मागे. गवराबाई रानातून आली. तिने मास्तरांच्या मनगटांवरचे चट्टे पाहिले.

"तितं बी आसंल ते," ती म्हणाली. "गेल्या गेल्या उपटा. चित्र काढत बसू नगा."

नव्या शाळेच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा दुपार झाली होती. झेंड्याच्या खांबाभोवती विटांचं कडं होतं, आणि कड्याच्या आत ते उभं होतं, कमरेएवढं, पांढऱ्या फुलांचं. मास्तर गाडीतून उतरले. वही शालनबाईंकडे दिली, खांबाशी गेले, रोप बुडाशी धरलं आणि ओढलं. ते सहज आलं.

चष्मा सावरत एक गृहस्थ ओसरीवरून धावत आले. ते तिथले हेडमास्तर होते, आणि नव्या शिक्षकाला त्यांनी आधी नमस्कार केला नाही.

"अहो, काय करताय?" ते म्हणाले. "ती रानशेवंती आहे. सरकारी बी आहे ते. सबंध तालुक्यात फक्त दोन शाळांत उगवलंय."

आबाजी मास्तरांनी मुळावरची माती झटकली, गवराबाई झटकायची तशी, दोनदा गुडघ्यावर आपटून. रोप मूळ वर करून उन्हात ठेवलं. मग दुसऱ्याला हात घातला. हेडमास्तर दिपोटींचं नाव घेत राहिले. गाडीतून शालनबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि कड्याच्या दुसऱ्या बाजूने सुरू झाल्या.

वही आज त्यांच्या पुतणीकडे आहे. बोरमाळची सेहेचाळीस पानं पूर्ण आहेत. सत्तेचाळिसाव्यावर नावाची जागा कोरी आहे. तिथे कधीतरी पेन्सिलीने काही लिहून खोडलेलं दिसतं. कोपऱ्यात हात आहे. बाकीच्या पानांवर बायकांचे उजवे हात आहेत, हा एकच पुरुषाचा आणि डावा, कारण उजव्याने तो काढायचा होता. मनगटावरचा एकही चट्टा सोडलेला नाही.